घडलेलं पुसलं जात नाही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. मालिकेतल्या पुस्तकांचा स्वभाव ग्रंथपालाला जितका कळतो तितका समीक्षकाला कळत नाही, असं माझं मत आहे. सुटी कादंबरी परत आली की तिची नोंद होते, ती कपाटात जाते, विषय संपतो. मालिकेचा चौथा भाग परत करायला आलेला वाचक मात्र टेबलासमोरून हलत नाही. पाचवा आहे का, कुणाकडे गेलाय, तो कधी परत करणार, तोपर्यंत निदान तिसरा पुन्हा मिळेल का? आज मला या वाचकाबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे त्याच्या वाचनाला वेळ घालवणं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते वाचन फार गंभीर वाटतं.

विषय हातात मावावा म्हणून मी एकच प्रकार घेतो, अर्बन फँटसी. खरंखुरं शहर, आजचा काळ, नकाशात सापडणारे रस्ते, आणि त्याच शहरात नांदणारी जादू, भुतं, परीलोक, नदीदेवता. इंग्रजीत हा प्रकार गेल्या चाळीसेक वर्षांत रुजला. एमा बुलची ‘वॉर फॉर द ओक्स’ 1987 ची, मिनिआपोलिस शहरातली. लॉरेल के. हॅमिल्टनने 1993 मध्ये अनिता ब्लेकची मालिका सेंट लुईसमध्ये सुरू केली. रशियन भाषेत सर्गेई लुक्यानेंकोची ‘नाइट वॉच’ 1998 मध्ये आली, ती मॉस्कोची. पुढे अटलांटा, सिनसिनाटी, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांनाही आपापल्या मालिका मिळाल्या. आज मी दोनच शहरांत थांबणार आहे, जिम बुचरच्या शिकागोत आणि बेन आरोनोविचच्या लंडनमध्ये. गोष्टी सांगताना पुढचं काही उघड होईल. ज्यांनी वाचायचं ठरवलं आहे त्यांनी मला क्षमा करावी.

आधी आपल्या घरातलं बोलू. मालिका वाचायची सवय मराठी वाचकाला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळा पहाड यांच्यासाठी माणसं रांगा लावत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पिढ्यान् पिढ्यांचा सोबती आहे. पण फुरसुंगीचा हा पोरगा वीस पुस्तकं झाली तरी मोठा होत नाही. एका पुस्तकातल्या संकटाचं ओझं तो दुसऱ्या पुस्तकात नेत नाही. कुठलंही पुस्तक उचलावं, कुठूनही सुरुवात करावी. तो त्या कथांचा गुण आहे आणि मुलांना तो हवाही असतो. मी ज्या मालिकांबद्दल बोलतो आहे त्यांचा करार याच्या नेमका उलट आहे. तिथे घडलेलं पुसलं जात नाही. तिसऱ्या भागात केलेलं कृत्य बाराव्या भागात दारात येऊन उभं राहतं.

जिम बुचरच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’चा पहिला भाग ‘स्टॉर्म फ्रंट’ 2000 मध्ये आला. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला व्यावसायिक जादूगार. टेलिफोनच्या डिरेक्टरीत त्याचं नाव जादूगार म्हणूनच छापलेलं आहे. हरवलेल्या वस्तू शोधून देणं, पोलिसांना सल्ला देणं हा त्याचा धंदा. तळघरातलं भाड्याचं घर, एक खटारा फोक्सवॅगन बीटल, एक दांडगं मांजर आणि सल्लागार म्हणून एक बोलती कवटी. पहिले दोन भाग वाचताना वाटतं, ही मांत्रिकाचा अंगरखा घातलेली डिटेक्टिव्ह गोष्ट आहे. बरी आहे. एका बैठकीत संपते.

मग 2001 मध्ये तिसरा भाग आला, ‘ग्रेव्ह पेरिल’. त्यात बियांका नावाची एक रक्तपिपासू सरदारीण मेजवानी देते. यजमानाने पाहुण्यांना भेटी द्याव्यात असा रिवाज. हॅरीला भेट मिळते ती त्याच्या नावाची कबरीवरची शिळा. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्याच्यासाठी जागाही घेऊन ठेवलेली, खड्डाही खणून ठेवलेला. त्याच रात्री त्याच्यावर जीव असलेली पत्रकार सुसान रॉड्रिगेझ त्या मेजवानीत सापडते. तिला वाचवण्यासाठी हॅरी आतिथ्याचा नियम मोडतो. तो मोडल्यामुळे जादूगारांची परिषद आणि रक्तपिपासूंचं रेड कोर्ट यांच्यात युद्ध पेटतं. सुसान वाचते, पण अर्धवट. तिच्यात त्या जातीची तहान शिरलेली असते आणि ती त्याला सोडून निघून जाते.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने चौथ्या भागात नवा खलनायक आणला असता. बुचर ते युद्ध चालू ठेवतो. प्रत्येक भागात त्याच्या बातम्या येतात, ओळखीची माणसं मरतात, परिषद खिळखिळी होते, आणि हॅरीला ठाऊक असतं की काडी आपण टाकली. ती शिळा आणि तो उघडा खड्डाही तिथेच राहतात. पुढे ‘डेड बीट’मध्ये एका मध्यरात्रीची भेट त्याच कबरीपाशी ठरते. मग 2010 मध्ये बारावा भाग येतो, ‘चेंजेस’. पहिल्याच पानावर सुसानचा फोन. त्यांना एक मुलगी आहे, तिच्याबद्दल तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि रेड कोर्टने तिला पळवून नेलं आहे. गोष्ट मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या पायऱ्यांवर पोचते. मुलीचा बळी देऊन तिच्या रक्ताच्या नात्यातल्या प्रत्येकाला मारण्याचा विधी मांडलेला आहे. तो विधी उलटवायचा एकच मार्ग हॅरीपुढे उरतो. सुसान त्या क्षणी पुरती रक्तपिपासू झालेली असते, म्हणजे त्या कुळातली सर्वांत लहान. तिच्या संमतीने, त्याच वेदीवर, तो तिचा प्राण घेतो. सबंध रेड कोर्ट नष्ट होतं. युद्ध जिच्यासाठी पेटलं, तिच्याच मरणाने ते संपतं.

हा शेवट चांगला बांधलेला आहे एवढं म्हणून मला पुढे जाता येत नाही. तिसऱ्या आणि बाराव्या भागात नऊ वर्षं आहेत. ज्याने 2001 मध्ये कॉलेजात असताना ती मेजवानी वाचली, त्याने वेदीवरचा प्रसंग वाचला तेव्हा तो नोकरीला लागलेला असेल, कदाचित स्वतः बाप झालेला असेल. हॅरी तेवढ्या काळात थकला आणि वाचकही तेवढाच काळ जगून आला. सहाशे पानांची मोठी कादंबरीही हे करू शकत नाही, कारण ती पंधरा दिवसांत वाचून होते. वाचकाचं स्वतःचं आयुष्य वापरून परिणाम साधणारा असा दुसरा साहित्यप्रकार मला ठाऊक नाही. म्हणूनच या वाचनाला मी गंभीर म्हणतो.

हीच गोष्ट लहान पात्रांची. ‘डेथ मास्क्स’ या 2003 च्या भागात शवागारात काम करणारा एक बुटका, घाबरट डॉक्टर येतो, वॉल्डो बटर्स. पोल्का संगीताचा वेडा. दोन प्रसंगांपुरता. 2005 च्या ‘डेड बीट’मध्ये तो हॅरीबरोबर फरफटत जातो आणि भीतीने गारठतो. त्या भागातला प्रसंग मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शत्रू मृतांना उठवणारे आहेत. मृत जितका जुना, तितकं त्याचं बळ जास्त, आणि त्याला ताब्यात ठेवायला हृदयासारखा अखंड ठोका लागतो. माणसाचं प्रेत उठवणं परिषदेच्या कायद्याने बंद आहे. हॅरी फील्ड म्युझियममध्ये जातो आणि ‘सू’ला उठवतो. सू म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्सचा तो जगप्रसिद्ध सांगाडा. 1990 मध्ये साउथ डकोटात सापडलेला, 1997 च्या लिलावात 83 लाख 60 हजार डॉलरला घेतलेला, आणि 2000 पासून म्युझियममध्ये मांडलेला. बटर्स पाठीवर ढोल बांधून पोल्काचा ठेका धरतो आणि तो सुमारे सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचा प्राणी शिकागोच्या रस्त्यांवरून धावत सुटतो. प्रसंग अचाट आहे, पण त्यातला एकही नियम आयत्या वेळी आणलेला नाही. कायदा आधीच्या भागांपासून होता, पोल्का आधी होता, आणि सांगाडा तर खऱ्या शहरात होता. पुढे 2014 च्या ‘स्किन गेम’मध्ये हाच बटर्स ‘श्रद्धेची तलवार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पवित्र शस्त्राचा धारक होतो. शवागारातल्या त्या पहिल्या प्रसंगाला तेव्हा अकरा वर्षं झालेली असतात.

शहर खरं असण्याचा अर्थ इथे कळतो. कल्पित राज्यातल्या कथेला लेखक एकटा मालक असतो. खऱ्या शहरातल्या कथेला शहरही भागीदार असतं आणि ते आपल्या गतीने बदलतं. फील्ड म्युझियमने 2018 मध्ये सूला मधल्या भव्य दालनातून काढून तिच्या स्वतंत्र दालनात नेलं. आज ‘डेड बीट’ वाचून तिथे गेलेल्या वाचकाला जुन्या जागी दुसरा डायनॉसॉर दिसतो. पुस्तकातलं शिकागो 2005 चं राहिलं. नोंद म्हणून त्याला आता वेगळीच किंमत आली आहे.

शहराला असं भागीदार करणं आरोनोविचने फार जाणून केलं आहे. हा माणूस आधी दूरदर्शन मालिका लिहीत असे. 1988 मधली ‘डॉक्टर हू’ची एक गाजलेली कथा त्याची. नंतर त्याने लंडनमध्ये पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली, आणि 2011 मध्ये ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ लिहून नव्याने उभा राहिला. नायक पीटर ग्रँट, नुकता भरती झालेला पोलीस शिपाई. आई सिएरा लिओनहून आलेली, साफसफाईची कामं करणारी. वडील जॅझ वाजवणारे, अमली पदार्थांनी करिअर गमावलेले. पीटरला वास्तुविशारद व्हायचं होतं, त्यामुळे तो प्रत्येक इमारतीकडे बघून कुणी बांधली, का बांधली, बिघडली कुठे हे सांगत सुटतो. मला ही पात्रयोजना फार हुशारीची वाटते. शहर सांगायला लेखकाला वेगळी परिच्छेदबाजी करावी लागत नाही. बघणाऱ्याचा स्वभावच तसा आहे.

पहिला खून कव्हेंट गार्डनमध्ये, सेंट पॉल चर्चच्या समोर होतो आणि पीटरला एक साक्षीदार भेटतो तो भूत निघतो. त्याच चर्चच्या भिंतीवर खरोखर एक लेख कोरलेला आहे. ‘पंच’ या बाहुल्यांच्या खेळाचा प्रयोग 1662 मध्ये सॅम्युअल पीप्सने इथे पाहिला, इंग्लंडमधला तो पहिला, असा त्याचा आशय. खुनाचा सगळा माग त्या बाहुलीपर्यंत जातो. म्हणजे कादंबरीचं रहस्य भिंतीवर साडेतीनशे वर्षांच्या इतिहासासह उघडं लिहिलेलं आहे आणि रोज हजारो माणसं त्याखालून जातात.

पण या मालिकेचं काळीज नद्यांमध्ये आहे. लंडनच्या पोटात फ्लीट, टायबर्न, वॉलब्रुक, वेस्टबोर्न, एफ्रा अशा नद्या गाडल्या गेल्या आहेत. वेस्टबोर्न तर स्लोन स्क्वेअर स्टेशनच्या फलाटांवरून एका मोठ्या लोखंडी नळातून जाते, आणि खाली गाडीची वाट पाहणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. क्लर्कनवेलमध्ये रे स्ट्रीटवर एक जाळी आहे, तिथे कान लावला तर फ्लीटचं पाणी ऐकू येतं. आरोनोविच या प्रत्येक नदीला देह देतो. जुना थेम्सबाबा 1858 च्या त्या असह्य दुर्गंधीत लंडन सोडून वरच्या अंगाला निघून गेला. हा तोच उन्हाळा, जेव्हा पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले आणि त्यानंतर जोसेफ बॅझलगेटची भुयारी गटारं बांधली गेली. नदी शंभर वर्षं बेवारस राहिली. 1957 मध्ये शास्त्रज्ञांनी ती मृत ठरवली. आणि त्याच दशकात, नर्सिंग शिकायला आलेली एक नायजेरियन मुलगी मन मोडून थेम्समध्ये उडी घेते आणि नदीची आई होते. ती मामा थेम्स. बुजलेल्या नद्या तिच्या मुली. टेडिंग्टनच्या बंधाऱ्याखाली, जिथपर्यंत भरती पोचते तिथपर्यंत तिचं राज्य. वर म्हाताऱ्याचं.

वाईला कृष्णाबाईचा उत्सव पाहिलेल्या माणसाला हे पचायला अजिबात जड जात नाही. नदीला माणसाचं रूप असतं, तिचे मानपान असतात, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. इंग्रज वाचकाला हे नव्याने शिकावं लागलं आणि शिकवलं कुणी, तर परदेशातून आलेल्या एका परिचारिकेने. युद्धानंतरच्या ब्रिटनची रुग्णालयं वसाहतींमधून आलेल्या मुलींनी चालवली, हा इतिहास आहे. ज्या नदीला तिच्या जुन्या देवाने टाकलं, तिला बाहेरून आलेलीने आपलं म्हटलं. स्थलांतराबद्दल इतकं खोल विधान मी अलीकडच्या मोठमोठ्या पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांतही वाचलेलं नाही. इथे ते पोलिसी तपासाच्या ओघात, कुठेही न थांबता येतं.

पहिल्या भागाच्या अखेरीस पीटर दोन्ही घराण्यांत समेट करतो, तो ओलीस बदलून. थेम्सबाबाचा मुलगा अ‍ॅश लंडनला येतो आणि मामाची मुलगी बेव्हर्ली वरच्या अंगाला जाते. बेव्हर्ली ब्रुक ही नैऋत्य लंडनमधली खरी छोटी नदी. मालिका धरून वाचणारा तिला हळूहळू ओळखू लागतो. 2022 च्या ‘अमंग्स्ट अवर वेपन्स’मध्ये पीटर आणि बेव्हर्लीला जुळं होतं. आणि दुसऱ्या बाजूला लेस्ली मे. पीटरबरोबर भरती झालेली, त्याच्यापेक्षा सरस पोलीस. पहिल्याच भागात ‘पंच’ बाहुलीच्या भुताने तिच्या देहाचा ताबा घेतला आणि तिचा चेहरा कायमचा उद्ध्वस्त झाला. तिसऱ्या भागात ती मुखवटा लावून हसतखेळत कामाला येते. चौथ्या भागाच्या, ‘ब्रोकन होम्स’च्या शेवटी, एलिफंट अँड कासल भागातल्या एका बुरुजवजा वसाहतीच्या गच्चीवर, ती पाठीमागून पीटरवर विजेचा झटका देणारं पोलिसी हत्यार चालवते आणि शत्रूच्या बाजूला जाते. त्या पानावर पुस्तक मिटून बसलेले वाचक मला माहीत आहेत. नंतर मागचे भाग काढून पाहिले तर तिचा प्रत्येक विनोद वेगळा ऐकू येतो. आपण पुढच्या धाग्याकडे धावत होतो म्हणून तिचं दुःख आपल्या हातून निसटलं.

यासाठी पारायण लागतं. नवा भाग यायच्या आधी मागचे सगळे पुन्हा वाचायचे, ही या वाचकांची रीत आहे आणि ती उगाच पडलेली नाही. पारायण करणारा वाचक लेखकाची स्मरणशक्ती तपासत असतो. लेखक विसरला तर तो लगेच पकडतो. लेखकाला आठवलं, तर त्याला होणारा आनंद त्या कथेत आपण सोबत होतो याचा असतो. ऐकण्याचंही तसंच. ड्रेस्डेनची ध्वनिपुस्तकं जेम्स मार्स्टर्स या नटाच्या आवाजात आहेत. ‘घोस्ट स्टोरी’च्या वेळी तो उपलब्ध नव्हता, म्हणून दुसऱ्या चांगल्या नटाने ते वाचलं. श्रोत्यांना ते सोसवेना. काही वर्षांनी प्रकाशकांनी तेच पुस्तक मार्स्टर्सकडून पुन्हा वाचून घेतलं. वर्षानुवर्षं कानात बसलेला आवाज हाही मालिकेचा भाग झालेला असतो.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रत्येक भागात कवटी, मोटार, मांजर यांची ओळख नव्याने करून दिली जाते. नव्या वाचकासाठी ती गरज असेल, जुन्याला ती खुपते. ड्रेस्डेनच्या सुरुवातीच्या भागांत स्त्रियांकडे बघण्याची हॅरीची नजर आज वाचवत नाही आणि तिचं समर्थन करू नये. मोठा धोका मात्र आणखी वेगळा आहे, तो म्हणजे आकार वाढत जाण्याचा. प्रत्येक शत्रू आधीच्याहून बलाढ्य हवा, या ओढीत 2020 च्या ‘बॅटल ग्राउंड’मध्ये अख्ख्या शिकागोवर चाल होते आणि रस्तेच्या रस्ते उद्ध्वस्त होतात. ते धाडस आहे हे मान्य. पण शहर असं मोडलं की वाचकाच्या ओळखीचं शहर आणि पुस्तकातलं शहर यांची वाट वेगळी होते, आणि या प्रकाराचा पायाच हलतो. आरोनोविचला हे नेमकं कळलं असावं. त्याच्याकडे नववा भाग आला तरी एखादं प्रेत, एखादा चौकशीचा अहवाल, एखादी चिडलेली नदी एवढ्यावर कथा उभी राहते. मला हा संयम अधिक टिकाऊ वाटतो.

आणि वाट पाहणं. ‘स्किन गेम’ 2014 ला आलं, पुढचं ‘पीस टॉक्स’ 2020 ला. सहा वर्षं. लेखक ही माणसं असतात. त्यांची घरं मोडतात, प्रकृती बिघडते, हस्तलिखित फुगून त्याची दोन पुस्तकं करावी लागतात, तसं इथे झालंच. वाट पाहणाऱ्याचा राग मला समजतो, पण तो लेखकावर काढण्याचा हक्क वाचकाला नाही. अशा निघून गेलेल्या वर्षांवरून शॉनन मॅग्वायरच्या ऑक्टोबर डे मालिकेची सुरुवात आठवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या जपानी बागेतल्या तळ्यात नायिकेचा मासा होतो आणि ती चौदा वर्षांनी माणसात येते. मुलगी तोवर मोठी झालेली, घर तिच्याविना पुढे गेलेलं. त्या गेलेल्या वर्षांचं दुःख ही मालिका पुढे भागामागून भाग वागवत राहते.

भाषणानंतर हमखास येणारा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर आत्ताच देतो. मालिका पुरी झाल्यावर सगळे भाग एकदम आणून वाचावेत का? माझं उत्तर नाही असं आहे. बारा भाग दोन महिन्यांत संपवणाऱ्याला कथानक पूर्ण कळेल, पण मेजवानीतली शिळा आणि चिचेन इत्झाची वेदी यांच्यामध्ये त्याच्या आयुष्यात काहीच घडलेलं नसेल. म्हणून तरुण वाचकांना मी सांगतो, चालू असलेली मालिका आजच धरा. लंडनपासून सुरू करा, पहिला भाग छोटा आणि स्वयंपूर्ण आहे. ड्रेस्डेनचे पहिले दोन भाग थोडे कच्चे लागतील, तिसऱ्यापर्यंत धीर धरा. वर्षाला दोनपेक्षा जास्त वाचू नका. मधल्या काळात दुसरं वाचा, प्रवास करा, नोकऱ्या बदला. आणि ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. मालिका विकत घेताना मधला भाग कधीही गाळू नका, आणि पाचवा हरवला तर सहावा आणण्याच्या आधी पाचवा आणा.